स्लॉपी जो घरी करताना मांसाआधी सॉस बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहता, नऊ वर्षांच्या मुलाला शाळेच्या कॅफेटेरियात मिळतो तसाच स्लॉपी जो, म्हणजे आंबटगोड टोमॅटो सॉसमधला खिमा बनमध्ये भरून केलेलं सँडविच, घरी हवा असतो. मिस्टरांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय आणि त्यांची साखरही काठावर आहे. म्हणून तुम्ही बीफऐवजी टर्कीचा खिमा घेतला, तेल जवळजवळ वगळलं आणि सॉस मात्र नेहमीचा केचप-साखरेचाच ठेवला. सारण कोरडं आणि पांचट झालं, मुलाने नुसता बन खाल्ला. आता विचारताय, कोणतं मांस घेऊ?

माझ्या मते अडचण मांसात नाहीच, ती सॉसमध्ये आहे. तुम्ही चव देणारी गोष्ट काढून टाकली आणि अपाय करणारी तशीच ठेवली. आकडे मांडून बघा. नेहमीच्या घरगुती कृतीत एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम बीफ, एक कप केचप, दोन मोठे चमचे ब्राउन शुगर, मोठा चमचाभर वूस्टर सॉस आणि एक छोटा चमचा मीठ असतं. त्यात सहा सँडविच होतात. केचपच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर असते आणि कपात असे १६ चमचे मावतात, म्हणजे ६४ ग्रॅम झाले. ब्राउन शुगर दाबून भरली की आणखी २५ ग्रॅम तरी वाढले. सहा जणांत वाटूनही प्रत्येकाच्या ताटात १५ ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर येते, बनमधली वेगळीच. अमेरिकन हार्ट असोसिएशन मुलांसाठी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते.

मिठाचंही तसंच आहे. कपभर केचपमध्ये सुमारे २४०० मिलिग्रॅम सोडियम आणि छोट्या चमचाभर मिठात २३००. प्रत्येक सँडविचच्या वाट्याला ८०० येतात, बनचे २०० धरले की आकडा हजारावर जातो. मोठ्या माणसाची दिवसभराची मर्यादा २३०० मिलिग्रॅम आहे, आणि एका सँडविचवर कोण थांबतं? बीफच्या जागी टर्की घातल्याने यातला एकही आकडा हलत नाही.

हा पदार्थ मुळापासून इतका गोड नव्हता. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सुट्या खिम्याचं सँडविच आधीपासून होतं. तिथल्या मस्कटीन गावात १९२६मध्ये मेड-राइट ही सँडविचची दुकानं सुरू झाली, आणि त्यांच्याकडचं मांस आजही टोमॅटो सॉसशिवाय मिळतं. आयोवातल्याच सू सिटीच्या कुणा जोने त्यात टोमॅटो घातला अशी गोष्ट सांगतात. १९६९मध्ये हंट्स कंपनीने मॅनविच नावाचा डबाबंद सॉस आणला आणि त्याची आंबटगोड चव घराघरांत ‘खरी चव’ ठरली. तुमच्या मुलाच्या जिभेवर बहुधा तीच बसलीये. त्यामुळे ती ओळख ठेवून साखर आणि मीठ उतरवायचंय.

तुम्ही न्यू जर्सीत आहात म्हणून एक खुलासा. तुमच्याकडच्या काही डेलींमध्ये, म्हणजे तयार सँडविचच्या दुकानांत, विशेषतः साउथ ऑरेंजच्या बाजूला, ‘स्लॉपी जो’ मागितला तर थंड मांसाचे काप, स्विस चीज, कोलस्लॉ आणि रशियन ड्रेसिंग भरलेलं राय ब्रेडचं तीन थरांचं सँडविच मिळतं. नाव एकच असलं तरी तो पदार्थ निराळा आहे. कृती शोधताना दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

आता मांसाबद्दल. पाकिटावर नुसतं ‘ग्राउंड टर्की’ लिहिलेलं असेल तर त्यात मांडीचं मांस आणि कातडीही असू शकते, चरबी १५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे ती बीफहून हलकी असेलच असं नाही. उलट ‘टर्की ब्रेस्ट, ९९ टक्के लीन’ घेतली तर चरबी नावालाही नसते आणि शिजल्यावर तिचा भुसा होतो. तुमचं बहुधा हेच झालं.

त्यापेक्षा मी साधं गणित करते. ९३/७ बीफ, म्हणजे ज्यात ७ टक्के चरबी असते ते, पौंडभर घेतलं तर चरबी साधारण ३२ ग्रॅम. ९०/१० बीफ पाऊण पौंड, म्हणजे ३४० ग्रॅम घेतलं तर चरबी ३४ ग्रॅम. जवळजवळ सारखीच! मग कोरडं मांस जास्त घेण्यापेक्षा चवदार मांस थोडं कमी घ्यावं आणि राहिलेली जागा अख्ख्या मसुरीने आणि मश्रूमने भरावी. यात प्रथिनं फार घटत नाहीत, कारण १०० ग्रॅम कोरड्या मसुरीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात. वर तंतूही मिळतात, जे मूळ पदार्थात जवळपास नाहीतच. मश्रूममध्ये मांसासारखाच रसाळ खमंगपणा असतो, त्यामुळे मीठ कमी घातलेलं लवकर कळत नाही. ८५/१५ स्वस्तात मिळालं तर तेही चालेल, फक्त परतल्यावर सुटलेली चरबी काढून टाका. ती सिंकमध्ये ओतू नका, थिजून पाइप तुंबतो. रिकाम्या डब्यात जमवा आणि कचऱ्यात टाका.

काही गोष्टी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत. मुलगा सडपातळ आणि दिवसभर खेळणारा असेल तर त्याच्यासाठी चरबी मोजत बसायची गरज नाही, साखर उतरवली तरी पुष्कळ झालं. मसुरीने कुणाला पोट फुगण्याचा त्रास होत असेल तर ती निम्मी करून मश्रूम दुप्पट घ्या. आणि मिस्टरांसाठी पोटॅशियमवालं ‘सॉल्ट सब्स्टिट्यूट’ वापरायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच. रक्तदाबाच्या काही औषधांनी शरीरात पोटॅशियम आधीच वाढतं. मूत्रपिंड कमकुवत असेल तर धोका आणखी मोठा. या कृतीला त्याची गरजही पडत नाही.

बनचं पाकीट आठचं येतं, म्हणून प्रमाण आठ सँडविचचं देते. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५. बीफ ३४० ग्रॅम. अख्खा मसूर अर्धा कप, साधारण १०० ग्रॅम. मश्रूम ४ औंस म्हणजे ११५ ग्रॅम, अगदी बारीक चिरून. एक मध्यम कांदा, एक लाल ढोबळी मिरची आणि एक गाजर बारीक किसणीने किसून. लसणाच्या दोन पाकळ्या. मीठ न घातलेल्या टोमॅटो पेस्टचा ६ औंसांचा एक छोटा डबा. तेल एक मोठा चमचा. स्मोक्ड पॅप्रिका (धुरकट वासाची सौम्य लाल मिरचीपूड) दीड छोटा चमचा, अमेरिकन चिली पावडर दोन छोटे चमचे, मस्टर्ड पावडर एक छोटा चमचा. वूस्टर सॉस एक मोठा चमचा, केचप दोन मोठे चमचे, ब्राउन शुगर दोन छोटे चमचे, मीठ पाऊण छोटा चमचा. ॲपल सायडर व्हिनेगर एक मोठा चमचा, तो शेवटी. पाणी दीड कप.

यात दोन ठिकाणी आपली माणसं हमखास फसतात. पहिलं, चिली पावडर. ती म्हणजे आपलं लाल तिखट नव्हे. अमेरिकन डबीत सौम्य मिरचीबरोबर जिरं, ओरेगानो आणि लसूण असतं, कधी मीठही, म्हणून घटक वाचून घ्या. त्या मापाने घरचं तिखट घातलं तर मूल पहिल्या घासाला रडेल. घरचं वापरायचंच असेल तर पाव छोटा चमचा काश्मिरी आणि अर्धा छोटा चमचा जिरेपूड पुरते. दुसरं, खिमा दिसला की हात आपोआप आल्याकडे, गरम मसाल्याकडे आणि कोथिंबिरीकडे जातो. तसा केलात तर उत्तम खिमा-पाव होईल, पण मुलाने मागितलेला पदार्थ होणार नाही. त्याला चोखंदळ म्हणू नका, त्याचं बरोबरच आहे. आलं, हळद, गरम मसाला या भांड्यापासून लांब ठेवा.

मसूर आधी वेगळी शिजवायची. टोमॅटोच्या आंबटात ती मऊ व्हायला फार वेळ लागतो, तासभर उकळूनही आतून कडक राहू शकते. उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात २० ते २५ मिनिटं शिजवा. दाणा अख्खा दिसला पाहिजे, पण बोटांत धरला की सहज चिरडला गेला पाहिजे. कुकरला लावून शिट्ट्यांच्या नादात वेळ चुकली तर आमटी होते. साल काढलेली लाल मसूर डाळ घेऊ नका, तिचं वरण होतं, आणि छोटी फ्रेंच हिरवी मसूरही नको, ती शेवटपर्यंत टणक राहते. पाणी निथळून निम्मी मसूर डावाच्या पाठीने ठेचा. या ठेचलेल्या मसुरीतला स्टार्च पुढे सॉस धरून ठेवतो, कॉर्नस्टार्च लागत नाही.

आता मांस परतणं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि निम्मी चव इथेच ठरते. बारा इंची, जाड बुडाची लोखंडी किंवा स्टीलची कढई चांगली तापू द्या. मांस फ्रीजमधून काढून कागदाने टिपून घ्या. निम्मं तेल घालून मांस चपटं पसरा आणि चार मिनिटं त्याला हात लावू नका. हात शिवशिवतो, पण थांबा. सुरुवातीला चुरचुर बारीक आणि ओलसर येते, ते आतलं पाणी निघत असतं. पाणी आटलं की आवाज बदलतो, तडतड कोरडी होते आणि कडेने तपकिरी रंग दिसायला लागतो. तेव्हा उलथन्याने मोठे तुकडे उलटा, आणखी दोन मिनिटं थांबा, मग पावभाजीच्या मॅशरने मोडा. सतत ढवळत राहिलात किंवा लहान भांड्यात दाटीने घातलंत तर मांस आपल्याच पाण्यात उकडतं, करडं होतं आणि त्याला कितीही मसाला घातला तरी पांचटपणा जात नाही. मग माणूस मीठ वाढवतो! मीठ कमी करण्याची सुरुवात म्हणून या चार मिनिटांपासून होते.

कच्च्या खिम्यात मीठ मिसळून ठेवू नका. मिठाने मांसातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि सॉसेजसारखा रबरी पोत येतो. मीठ परतल्यावरच. काही कृतींत मांसाला पाव छोटा चमचा बेकिंग सोडा चोळायला सांगतात. त्याने मांस ओलसर राहतं आणि लवकर तपकिरी होतं हे खरं आहे, पण तेवढ्या सोड्यात ३०० मिलिग्रॅमवर सोडियम असतं. तुमच्या घरी मीठच कमी करायचंय, आणि ९०/१० मांसाला त्याची जरूर नाही.

मांस ताटात काढून घ्या. त्याच कढईत उरलेलं तेल, कांदा, ढोबळी मिरची आणि मश्रूम घाला. मश्रूमला खूप पाणी सुटतं, ते पूर्ण आटेपर्यंत सात-आठ मिनिटं मध्यम आचेवर परता. ढोबळी लाल घ्यायला सांगते कारण ती पिकलेली, गोड असते. पारंपरिक कृतीतली हिरवी थोडी कडवट असते आणि मग तो कडवटपणा झाकायला साखर लागते. गाजर आणि लसूण घालून दोन मिनिटं परता. गाजर किसणीच्या बारीक बाजूनेच किसा, म्हणजे ते सॉसमध्ये विरघळून जातं आणि मुलाला नारिंगी तुकडा सापडत नाही.

मग मधे जागा करून टोमॅटो पेस्ट घाला आणि तीन ते चार मिनिटं सतत हलवत परता. केचपला सुट्टी देण्याचं सगळं बळ या पायरीत आहे. पेस्ट डब्यातून निघते तेव्हा लालभडक असते, तिला कच्चा, किंचित पत्र्यासारखा वास येतो. परतता परतता ती विटकरी होते, तेल सोडते आणि वास गोडसर होतो. आपण वाटण तेल सुटेपर्यंत परततो, अगदी तसंच. इथे घाई केलीत तर सॉस आंबट लागेल आणि तुम्ही साखरेचा डबा उघडाल. पॅप्रिका, चिली पावडर आणि मस्टर्ड घालून अर्धा मिनिट परता, पॅप्रिका लगेच जळते. मग पाणी घाला आणि बुडाला चिकटलेला खरपूस थर खरवडून सॉसमध्ये उतरवा. तो टाकून देण्याची वस्तू नाही.

मांस, मसूर, वूस्टर सॉस, केचप, ब्राउन शुगर आणि मीठ घालून मंद आचेवर १५ ते २० मिनिटं झाकण न ठेवता आटवा. दोन चमचे केचप मी मुद्दाम ठेवलंय. ओळखीचा वास त्यातूनच येतो, आणि आठ जणांत वाटल्यावर साखर प्रत्येकी दोन ग्रॅमच्या घरात राहते, तीही ब्राउन शुगर धरून. सोडियम सारणात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास येतं. तयार झालं का हे बघायला डाव बुडावरून ओढा. मागे पडलेली वाट दोन-तीन सेकंदांत हळूहळू बुजली पाहिजे. लगेच बुजली तर सारण पातळ आहे, बन भिजून फाटेल. बुजलीच नाही तर दोन चमचे पाणी घाला, कारण ताटात ते आणखी घट्ट होतं. गॅस बंद करून व्हिनेगर घाला. आधी घातलं तर उकळण्यात त्याचा तजेला निघून जातो. शेवटी येणारा आंबटपणा मीठ असल्याचा भास देतो, म्हणून मिठाचा निर्णय व्हिनेगर घातल्यावर चाखूनच घ्या.

पहिल्याच दिवशी मुलगा ‘हा तो नाही’ म्हणाला तर हट्ट करू नका. पहिल्या खेपेला केचप पाव कप घ्या आणि ब्राउन शुगर मोठा चमचाभर. पुढच्या खेपेला थोडं उतरवा, तिसऱ्या खेपेला वर दिलेल्या मापावर या. मसुरीचंही तसंच, हवं तर पाव कपापासून सुरुवात करा. जिभेला दोन-तीन आठवडे द्यावेच लागतात.

बनकडे फार थोडे लोक लक्ष देतात. ‘व्हीट’ लिहिलेला तपकिरी बन म्हणजे कणकेचा बन नव्हे. घटकांत पहिलं नाव ‘होल व्हीट फ्लावर’ असेल तरच घ्या. ब्रिओश आणि पोटॅटो बन गोड असतात. आतल्या बाजू कोरड्या तव्यावर खरपूस भाजा, म्हणजे सॉस झिरपायला वेळ लागतो. मिस्टरांनी बनचा खालचा अर्धाच घ्यावा, वर सारण, आणि काटा-चमच्याने खावं. त्यांच्या साखरेच्या दृष्टीने या ताटात सगळ्यात मोठा भाग बनचाच आहे, मसुरीचा नाही. बनऐवजी लेट्यूसचं पान मी सुचवत नाही. सगळं कोपरापर्यंत ओघळतं आणि मुलगा पुन्हा कधी मागणार नाही.

सोबत चीजची चकती आणि लोणच्याची काकडी नको, दोन्हींत मीठ ठासून असतं. पातळ चिरलेला कोबी, त्यावर व्हिनेगर, थोडं तेल आणि मिरपूड घालून चुरा, दहा मिनिटं ठेवा आणि सँडविचच्या आतच भरा. कुरकुरीतपणा आणि आंबटपणा दोन्ही मिळतात.

डबे घेताना लेबलावरचे शब्द नीट बघा. ‘रिड्यूस्ड सोडियम’ म्हणजे त्याच मालाच्या नेहमीच्या प्रकारापेक्षा निदान २५ टक्के कमी, तरीही ते खारट असू शकतं. ‘लो सोडियम’ म्हणजे एका वाढपात १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. पेस्टसाठी ‘नो सॉल्ट ॲडेड’ हेच शोधा. वूस्टर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासे असतात, घरी येणाऱ्या शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळं करणार असाल तर हे लक्षात असू द्या.

बीफ न खाणाऱ्यांसाठी: टर्कीच घ्यायची असेल तर ९३/७ घ्या, ब्रेस्ट नको, आणि पेस्ट परतताना तेल एक छोटा चमचा वाढवा. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर गोवंशाचं मांस मिळत नाही. तिथे मटणाचा खिमा वापरताना खाटकाला वरची चरबी काढून एकदाच, जाडसर काढायला सांगा. मटणाचा वास उग्र असतो, म्हणून पॅप्रिका अर्धा छोटा चमचा वाढवा. बीफ आतपर्यंत १६० फॅरेनहाइटला, म्हणजे ७१ सेल्सियसला पोहोचलं पाहिजे, टर्की आणि चिकन १६५ फॅरेनहाइटला.

स्लो कुकरमध्ये सगळं कच्चं टाकून निघून जाऊ नका. झाकणामुळे वाफ आतच राहते आणि सारण पाणचट होतं. त्यापेक्षा रविवारी दुप्पट करून ठेवा. उथळ ताटात पसरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका, तिथे तीन-चार दिवस टिकतं. जास्त दिवस हवं असेल तर दीड-दीड कपाच्या पिशव्या चपट्या करून गोठवा. मसूर मुरताना पाणी ओढून घेते, तेव्हा गरम करताना पिशवीमागे दोन-तीन मोठे चमचे पाणी आणि चार थेंब व्हिनेगर घाला, आणि डाव बुडावरून पुन्हा एकदा ओढून बघा.